दगडूचा नातू राहुल : बारामती-इंदापूर भागातील नामपरिवर्तन

बारामती तालुक्यातील सोनगाव येथे कऱ्हा नदी नीरेला मिळते. संगमाच्या पुढे पाणी कऱ्हेचेही असते. पण तिचे नाव तेथे संपते आणि त्या प्रवाहास लोक नीरा म्हणतात. हीच नीरा बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या दक्षिण अंगाने पूर्वेकडे जाते आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाशी, नरसिंगपूर येथे, भीमेत विलीन होते. तेथे नीरेचेही नाव संपते.

अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातात भगवान बुद्धांचा पहाराद नावाच्या असुराशी झालेला संवाद आहे. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या महानद्या समुद्रास मिळाल्या की आपले पूर्वीचे नाव व गोत्र टाकून देतात. त्याचप्रमाणे चारही वर्णांचे लोक या धम्मविनयात प्रव्रजित झाले की पूर्वीचे नाव-गोत्र टाकून केवळ शाक्यपुत्रीय श्रमण होतात, असा त्यातील दृष्टान्त आहे. नीरा-भीमेच्या काठी राहणाऱ्या उपासकास या दृष्टान्ताचे विवरण करून सांगण्याची गरज नाही. तो संगम त्याने पाहिलेला असतो.

या दृष्टान्ताचाच आधार घेऊन काही विचारी तरुण एक शंका उपस्थित करतात. धम्मात नाव-गोत्राला किंमत नसेल, तर १९५६ नंतर आपल्या वाडवडिलांनी मुलांची नावे बदलण्याचा एवढा आग्रह का धरला? आणि ज्या नावांनी एकेकाळी आपण वेगळे दिसलो, ती नावे आज घरोघरी झाली असतील, तर त्यांचे मोल काय उरले? शंका प्रामाणिक आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी या भागातील नावांचा इतिहास आणि पाली वाङ्मयातील नामविचार ही दोन्ही शेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे.

नाव एक, प्रत्यय निराळे

या भागातील जुनी नावे ऐकली की आसपासची दैवते डोळ्यांपुढे उभी राहतात. कऱ्हेकाठचे मोरगाव बारामती तालुक्यातच आहे. मोरो, मोरेश्वर ही तेथील दैवताची नावे. शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरी. तिच्या खंडोबावरून खंडू, मल्हारी, म्हाळसा. नरसिंहावरून नरसू. दुसरा वर्ग आहे तो मृत्यूची नजर चुकविण्यासाठी ठेवलेल्या नावांचा. पाठोपाठची मुले दगावली की पुढच्या मुलाकडे काळाने दुर्लक्ष करावे म्हणून त्याला दगडू, धोंडू, कचरू, केरबा, उकिर्डा, भिकू असे काही म्हणत. मुलींच्या वाट्याला धोंडी, भिकी, आणि मुलगी नकोच असली तर नकुशी. ही शेवटची चाल किती चिवट होती, हे अगदी अलीकडे दिसून आले. नीरेपलीकडच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुसा’ नावाच्या २८५ मुलींना प्रशासनाने समारंभपूर्वक नवी नावे दिली.

अशी नावे केवळ अस्पृश्यांतच होती असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव. भिकाजी हे नाव ब्राह्मण घराण्यांतही आढळते. म्हणजे नाव पुष्कळदा एकच असे. भेद होता तो नावाला जोडलेल्या प्रत्ययात. बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहिलेले कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे मूळ नाव मोरो; त्यास ‘पंत’ जोडले की ब्राह्मण्य स्पष्ट होते. खंडोबाचेच नाव घ्या. वतनदाराच्या घरी तो खंडेराव किंवा खंडोजी, सामान्य कुणब्याच्या घरी खंडू, आणि महारवाड्यात तोच खंड्या. महारवाड्यातल्या साठ वर्षांच्या म्हाताऱ्यासही पाटलाचे दहा वर्षांचे पोर ‘खंड्या’ म्हणूनच हाक मारी, आणि ती हाक ऐकून येसकराने जोहार घालावा अशी रीत होती.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे दोन नियम लागोपाठ सांगितले आहेत. पहिला नियम असा की, ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सा दर्शविणारे असावे. दुसरा नियम नावाच्या उत्तरपदाविषयी आहे. त्यानुसार शूद्राच्या नावाच्या शेवटी सेवकपणा सूचित झाला पाहिजे. पहिल्या नियमाची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु गावगाड्यात अधिक काटेकोरपणे पाळला गेला तो दुसरा. महाराने देवाचे नाव घेतले तरी गावाला चालत असे. त्या नावाच्या शेवटी मान जोडलेला चालत नसे.

याचा कोरीव पुरावा भीमेच्याच काठी, वरच्या अंगास, कोरेगाव येथे आहे. १ जानेवारी १८१८ रोजीच्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे तेथील स्तंभावर आहेत. त्यांत रामनाक, रायनाक, बाळनाक, राजनाक अशी ‘नाक’ प्रत्यय असलेली नावे वाचावयास मिळतात. ‘नाक’चे मूळ ‘नायक’ की ‘नाग’ याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु राम, राय, बाळ, राज या नावांत स्वतःचे असे हीनत्व काहीच नाही, आणि त्या प्रत्ययावरून मात्र हे सैनिक महार होते हे आजही वाचणाऱ्यास कळते. स्तंभावर तो प्रत्यय शौर्याची साक्ष देतो. गावात तोच प्रत्यय जागा दाखवून देत असे.

जातकातील पापक आणि बाबासाहेबांचा विचार

पाली वाङ्मयात नावाविषयी एक मार्मिक कथा आहे. जातकट्ठकथेतील ९७ वे जातक ‘नामसिद्धी’ या नावाचे आहे. तक्षशिलेच्या एका आचार्याकडे पापक नावाचा विद्यार्थी होता. आपले नाव अमंगल आहे, ते बदलून द्यावे, अशी त्याने विनंती केली. आचार्यांनी त्याला चांगले नाव शोधून आणावयास सांगितले. पापक हिंडत निघाला. एका नगरात प्रेतयात्रा चालली होती. मेलेल्याचे नाव जीवक. पुढे एका दासीला तिचे धनी मजुरी आणली नाही म्हणून मारीत होते. तिचे नाव धनपाली. आणखी पुढे वाट चुकलेला एक माणूस भेटला. त्याचे नाव पंथक. नाव ही केवळ ओळखीपुरती संज्ञा आहे हे उमजून पापक परत आला आणि आपले आहे तेच नाव बरे, असे त्याने आचार्यांना सांगितले.

ही कथा वरवर पाहणारा म्हणेल की, मग दगडूनेही दगडूच राहावे. पण येथे थोडे थांबले पाहिजे. पापकाची समजूत काय होती? नाव मंगल असले की आयुष्य मंगल होते, ही. कथा खंडन करते ते या नामसिद्धीचे, म्हणजे नावाच्या अंगी काही दैवी सामर्थ्य आहे या भ्रमाचे. पापकाला त्याच्या नावामुळे कोणी विहिरीवरून हाकलले नव्हते. त्याच्या नावाने त्याच्या वडिलांची आणि मुलाची जागा ठरवून दिलेली नव्हती. ज्या नावाचा उपयोग माणसाला दडपून ठेवण्याचे साधन म्हणून केला जातो, त्या नावाविषयी हे जातक बोलत नाही.

त्याविषयी बोलले ते बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या ‘अवे फ्रॉम द हिंदूज’ या निबंधात त्यांनी, नावात काय आहे, हा प्रश्न स्वतःच उपस्थित करून त्याचे सविस्तर उत्तर दिले आहे. कोणी स्वतःस चोखामेळा म्हणवितो, कोणी रविदास म्हणवितो. पण पुढचा प्रश्न येताच त्याला मूळ जात सांगावीच लागते. तेव्हा हिंदू समाजाच्या चौकटीत राहून केलेला नावाचा बदल टिकत नाही, आणि नाव बदलावयाचे तर त्या चौकटीबाहेरच पडले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. ‘हरिजन’ हे नाव लादण्याच्या विरोधात जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात दादासाहेब गायकवाडांनी आवाज उठविला आणि बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले, त्यामागेही हीच भूमिका होती. दुसऱ्याने दयेपोटी दिलेले गोड नाव आणि स्वतः विचारपूर्वक निवडलेले नाव यांत मूलभूत अंतर आहे. म्हणून जातक आणि बाबासाहेब यांच्या विचारांत विरोध नाही. नाव नशीब घडवीत नाही हे खरेच आहे. पण स्वतःचे नाव स्वतः ठेवणे हे एक कर्म आहे, आणि कर्माचे मोल धम्माने सदैव मान्य केले आहे.

नावे परत आली

आपल्या नव्या नावांचा प्रवास १४ ऑक्टोबर १९५६ च्या आधीच सुरू झाला होता. १९४६ साली मुंबईत महाविद्यालय सुरू झाले, त्याला बाबासाहेबांनी सिद्धार्थाचे नाव दिले. १९५० साली औरंगाबादेस सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. ही नावे प्रथम विद्येच्या दारावर लागली आणि मग पाळण्यात आली, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९५७ साली ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्हावी उपाली, झाडूवाला सुनीत, स्मशानातला सोपाक, चांडाळकन्या प्रकृती यांच्या धम्मप्रवेशाच्या कथा त्यातून घराघरांत पोहोचल्या.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या होती २,४८७. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. एका दशकातील या बदलाबरोबर घरोघरच्या पाळण्यांतही बदल झाला. कारखान्याच्या वस्तीवर, कालव्याच्या काठी, मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या नातलगांकडे नवी नावे ऐकू येऊ लागली : सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक, नागसेन, सुजाता, विशाखा, यशोधरा, महामाया, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली तर गुरुजी १ जून लिहीत. पण मुलाचे नाव काय, याचे उत्तर आता बाप स्वतः ठरवून आलेला असे. दाखलखारीज रजिस्टरातील त्या एका रकान्यात ‘दगडू’चा मुलगा ‘सिद्धार्थ’ म्हणून लिहिला गेला. घरात त्या दिवशी शिक्षण सुरू झाले, आणि नावाचा जुना प्रत्ययही गळाला.

पालीच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपण स्वीकारलेली ही रूपे बहुतांशी संस्कृत आहेत. पालीत ती सिद्धत्थ, गोतम, विसाखा, संघमित्ता अशी येतात. त्यात उणेपण मानण्याचे कारण नाही. मराठी जिभेला जे रूप सुलभ, ते रूढ झाले. आणि धम्मनावे या जिल्ह्याला नवीन होती असेही नव्हे. मावळातील भाजे लेण्यांतील स्तूपांवर तेथील स्थविरांची नावे कोरलेली आहेत; त्यांत धम्मगिरी आहे, संघदिन आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर दान देणाऱ्या यवनांची नावे आहेत. त्यांत सिहधय आहे आणि साक्षात ‘धम्म’ हेच नाव धारण करणाराही आहे. परदेशी यवनांनी येथे येऊन येथली नावे घेतली, आणि दोन हजार वर्षांनी नीरेकाठच्या बापाने यवनराजा मिनँडरचे ‘मिलिंद’ हे नाव आपल्या मुलाला दिले. १९५६ नंतर पुणे जिल्ह्यात धम्मपाल, संघरत्न अशी नावे ऐकू आली ती या अर्थाने परत आली.

सर्रास नावाचे मोल

आता शंकेचा दुसरा भाग. एकाच वस्तीत चार राहुल आणि तीन सिद्धार्थ असणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट झाली. मग कोणी थोरला राहुल, कोणी मास्तरांचा राहुल, कोणी कारखान्यावरचा राहुल. शिवाय हे नाव आता कोणा एका समाजाचे राहिले नाही. ते देशभर सर्व जातिधर्मांत आढळते. उलट, एक काळ असाही होता की सिद्धार्थ, मिलिंद, गौतम ही नावे आडनावाबरोबर उच्चारताच हजेरी घेणाऱ्याच्या नजरेत जात उमटे. ज्या नावाने मान दिला तेच नाव ओळखही उघड करी. म्हणून नोकरीसाठी शहरात गेलेल्या काहींनी मुलांना संजय, सुनील, विजय अशी कोठेही सामावणारी नावे दिली. त्यांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्या घरमालकाचा प्रश्न ज्याने ऐकला असेल त्याला ते तितके सोपे वाटणार नाही. आणि आताची पिढी दुसऱ्या टोकाला जाऊन वर्गात कोणाचेही नसेल असे नाव शोधते आहे.

नाव दुर्मिळ असावे ही ओढ भगवंतांच्या काळच्या संघात दिसत नाही. एका कस्सप या नावाचे किती! महाकस्सप, उरुवेलकस्सप, नदीकस्सप, गयाकस्सप, कुमारकस्सप. आणि संघाबाहेर, धम्माचा प्रतिस्पर्धी असलेला पूरण कस्सप निराळाच. पुण्ण या नावाचे दोन प्रसिद्ध भिक्खू : एक मन्ताणीपुत्त, दुसरा सुनापरन्ताचा, आणि दासीची कन्या असलेली थेरी पुण्णिका. भद्दिय नावाचा एक ठेंगणा म्हणून लकुण्टक भद्दिय, दुसरा आईच्या नावावरून काळिगोधापुत्त. नाव सर्रास असल्याने यांपैकी कोणाचेही व्यक्तित्व लोपले नाही. गाव, आई, शरीराची ठेवण, आणि अखेरीस ज्याचे त्याचे आचरण यांवरून ते ओळखले गेले. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत तू स्वतंत्र आहेस काय, ऋणमुक्त आहेस काय, तुझे नाव काय, तुझ्या उपाध्यायांचे नाव काय, हे आहे. जात कोणती, हा प्रश्न त्या यादीत नाही. नाव विचारणे आणि जात विचारणे या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखविणारी ही विनयाची रीत आपण नीट समजून घेतली पाहिजे. आपल्या गावगाड्यात नाव विचारणे हा जात विचारण्याचाच एक प्रकार होता.

राहुल या नावाचेच पाहा. निदानकथेनुसार पुत्रजन्माची वार्ता ऐकून बोधिसत्त्वांनी काढलेल्या उद्गारातून, बंधन निर्माण झाले या अर्थाने, हे नाव पडले. म्हणजे कोशातला अर्थ पाहिला तर ते काही मंगलवाचक नव्हे. तरीही बंधमुक्त झालेल्या समाजाने तेच नाव सर्वाधिक प्रेमाने ठेवले. केदारनाथ पांडे १९३० साली सिंहलद्वीपात भिक्खू झाले तेव्हा त्यांनीही तेच स्वीकारले आणि राहुल सांकृत्यायन म्हणून ते जगास ज्ञात झाले. अंगुत्तरनिकायात भगवंतांनी आपल्या श्रावकांतील अग्रगण्य सांगितले आहेत. त्यांत शिक्षेची, म्हणजे शिकण्याची, आस असणाऱ्यांत राहुल श्रेष्ठ ठरतो. नावाला अर्थ आला तो धारण करणाऱ्याच्या जीवनातून. पापकाला जे कळले ते हेच.

म्हणून आपली नावे सर्रास झाली यात खेद मानण्याचे कारण नाही. जे नाव कधी हिंमत करून ठेवावे लागत होते, ते आज कोणीही सहज ठेवतो, हा त्या हिंमतीचा परिणाम आहे. नीरेचे पाणी भीमेत मिळाल्याने नीरा हरली असे कोणी म्हणत नाही. हरण्याची गोष्ट दुसरीच आहे, आणि तिकडे आपले लक्ष नाही.

आजोबांचे नाव

ती गोष्ट म्हणजे जुन्या नावांची आपल्याला वाटणारी लाज. राहुलला आजोबांचे नाव विचारले तर तो अडखळतो. पणजीचे नाव तर त्याला ठाऊकच नसते. दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली ‘बलुतं’ लिहिताना त्यांनी त्या दगडूला पुसून टाकले नाही. त्यालाच बोलते केले. हा धडा आपण घेतला पाहिजे. कारण आपल्याला सिद्धार्थ, सुजाता ही नावे देणारे कोण होते? ते दगडू, कचरू, भिकू, धोंडाबाई हेच होते. स्वतःचे नाव बदलण्याचे वय निघून गेलेले असताना त्यांनी मुलांची नावे बदलली. आपण हिणकस नाव शेवटपर्यंत वागविले आणि पुढच्या पिढीला ते लागू दिले नाही, हे दान लहान नव्हे.

थेरीगाथेची पहिली गाथा ज्या थेरीची आहे, तिचे नाव परंपरेला ठाऊक नाही. ‘अञ्ञतरा’ म्हणजे कोणी एक, एवढीच तिची नोंद आहे. पण तिची गाथा राहिली. आपल्या आज्या-पणज्यांची गाथाही राहिली नाही. निदान नावे तरी राहावीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला. सारिपुत्त आणि मन्ताणीपुत्त यांच्या परंपरेला, आणि ज्याने आपले नाव आईवरून लाविले त्या गौतमीपुत्र सातकर्णीच्या महाराष्ट्राला, हा नियम परका नाही. पण तो पुढच्या मुलांसाठी आहे. मागच्या आयांची नावे आपल्यालाच शोधावी लागतील.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील विहारांनी हे काम हाती घ्यावे, एवढीच या लेखाची विनंती आहे. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, ज्यास कोतवाल बुक म्हणतात, तहसील कचेरीत मिळू शकतात. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत जनरल रजिस्टरे आहेत. आणि ज्यांनी धम्मदीक्षेनंतरची ती वर्षे लहानपणी पाहिली असे वृद्ध उपासक-उपासिका अजून काही गावांत आहेत. प्रत्येक विहाराने एक वही करावी. एका रकान्यात दीक्षेपूर्वीचे नाव, जसे उच्चारले जाई तसे. दुसऱ्यात त्यांच्या मुलांची नावे. तिसऱ्यात ती नावे कोणी सुचविली आणि कोठून आली. जुने नाव सुधारून लिहू नये. ‘खंड्या’ असेल तर ‘खंड्या’च लिहावे, आणि त्यापुढे आजच्या नातवाने आपल्या हाताने ‘उपासक खंडेराव’ असेही लिहावे. पुढच्या वर्षावासात, वैशाखी पौर्णिमेची वाट न पाहता, ही वही उघडावी. माहिती सांगणारे फार दिवस थांबणार नाहीत.